दुखणं काही हौसेनं घेत नाही कुणी!

महिन्याचा खर्च वहीत लिहून ठेवायची सवय मला माहेरची. आईच्या वहीत किराणा, दूध, भाजी, शाळा, पैपाहुणा असे रकाने असत आणि सगळ्यांत शेवटी 'किरकोळ'. औषधं या 'किरकोळ'मध्ये जायची! ओवा, सुंठ, हळद घरातलीच. विकत आणायची ती अमृतांजनची बाटली, आणि कधीमधी डॉक्टरांकडचं ते गुलाबी औषध, बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेलं. माझ्या वहीत मात्र औषधांचा रकाना किराण्याच्या मांडीला मांडी लावून बसलाय, आणि एखाद्या महिन्यात त्याला मागेही टाकतो. तुमच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर तुमच्याही वहीत हेच दिसेल.

आमच्याकडे सासूबाई आहेत, वय ७६. २०२३ च्या श्रावणात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, बोलणं अडखळायला लागलं. नऊ दिवस त्या चिंचवडकडच्या एका खासगी इस्पितळात होत्या. त्यानंतर आजतागायत घरी, इथं आळंदीत, बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर. खाट मुद्दाम खिडकीशी ठेवलीय. कार्तिकीला दिंड्या जातात तेव्हा टाळमृदंगाचा आवाज ऐकून त्यांचा डावा हात पांघरुणावर ठेका धरतो. पूर्वी एकही एकादशी माउलींच्या दर्शनावाचून न सोडलेल्या बाई त्या!

इस्पितळाचं बिल मी जपून ठेवलंय. मोठं होतं, ते पाहून पोटात गोळा आला होता, ते सोडा. पण त्यात खाट, डॉक्टरांच्या भेटी, औषधं, इंजेक्शनं, जेवण असं सगळं असूनही 'कर' म्हणून एकही ओळ नव्हती. सासूबाईंना घरी आणलं आणि पहिल्याच आठवड्यात मेडिकलमधून पक्कं बिल आलं. त्यात तळाशी दोन ओळी : केंद्राचा कर ६ टक्के, राज्याचा कर ६ टक्के. औषधं तीच. रुग्ण तीच. आजारही तोच! मी ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "अगं, सरकारचा नियम असेल काहीतरी." पुरुषांना एवढं उत्तर पुरतं कसं, हे मला आजवर कळलेलं नाही.

आमच्या शेजारी विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले एक भावजी राहतात. त्यांच्याकडे गेले. ते चष्मा पुसत म्हणाले, "वहिनी, त्यात गूढ काही नाही. इस्पितळात भरती असलेल्या माणसाला जे देतात ते सगळं मिळून 'उपचार' धरतात. उपचारावर जीएसटी नाही. घरी आल्यावर तुम्ही दुकानातून आणता, ती 'खरेदी'. खरेदीवर कर."

म्हणजे नऊ दिवस सासूबाई रुग्ण होत्या आणि दहाव्या दिवशी उंबरठा ओलांडून घरात आल्या, तशा त्या गिऱ्हाईक झाल्या!

भावजींनी एक पुस्तीही जोडली. इस्पितळाचा कारभार काही अगदी करावेगळा नसतो. यंत्रं, औषधं, सामान घेताना इस्पितळ कर भरतंच, आणि उपचारावर कर नसल्यामुळं तो त्यांना परत मिळत नाही. मग तो बिलाच्या आकड्यांतच मुरलेला असतो, आपल्याला दिसत नाही इतकंच. शिवाय १८ जुलै २०२२ पासून दिवसाला ५,००० रुपयांहून जास्त भाड्याची खोली घेतली, तर भाड्यावर ५ टक्के कर लागू झाला. अतिदक्षता विभाग तेवढा वगळला. हे मान्य. पण कायद्याच्या नजरेला 'उपचार' दिसतो तो इस्पितळाच्या भिंतींच्या आत. घरात जे चालतं त्याला नाव नाही.

घरात काय चालतं, ते आपल्याला ठाऊक आहेच. तरी लिहिते, कारण ते कुठं लिहिलं जात नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला आणि टाचांना जखमा होतात. रात्रीसुद्धा. सकाळी गरम पाण्यात फडकं पिळून अंग पुसायचं, कातडी कोरडी करायची, घडीच्या जागी पावडर. डायपर दिवसातून तीन वेळा बदलायचे. पातळ घास, तोही उजव्या गालात अडकून राहत नाही ना हे बघून. जेवणाआधी साखर तपासायची. गोळ्यांच्या तीन वेळा, तीन वाट्या. फिजिओथेरपीच्या ताई पहिले तीन महिने आल्या. पुढं त्यांनी शिकवलेला व्यायाम मीच करवून घेते. हेच सारं इस्पितळात नर्सबाईंनी केलं तर उपचार. पदर खोचून सुनेनं केलं तर... जाऊ द्या, सुनेच्या कामाचं मोल मागायला मी बसलेली नाही. पण त्या कामाला जे सामान लागतं, ते सरकारनं निदान शांपूच्या बाटलीपेक्षा वेगळं धरावं की नाही?

आता वहीतले आकडे. २०२४ साली आमचा या रकान्यातला खर्च महिन्याला सरासरी असा : औषधं ३,४०० रुपये, डायपर १,९००, साखर तपासायच्या पट्ट्या ७००, कापूस, गॉज, बँडेज मिळून २५०. एकूण ६,२५०. या सगळ्यांवर तेव्हा १२ टक्के दर होता. इन्शुलिनसारखी मोजकी औषधं ५ टक्क्यांत होती, पण आमच्या गोळ्या काही त्यात बसत नव्हत्या. छापील किमतीत कर धरलेला असतो, त्यामुळं ६,२५० मधले ६७० रुपये कराचे. वर्षाचे आठ हजार! थर्मामीटर मोडला म्हणून नवा आणला, तर त्यावर १८ टक्के. तापाचा आणि चैनीचा संबंध कुणी जोडला होता, देव जाणे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून यातलं बरंच बदललं, हे मात्र प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. बहुतेक औषधं १२ वरून ५ टक्क्यांवर आली. डायपर, साखरेचं यंत्र आणि पट्ट्या, बँडेज, नंबरचा चष्मा हेही ५ वर. थर्मामीटर १८ वरून ५. मोठ्या दुखण्यांवरच्या ३३ औषधांवरचा कर तर पूर्ण गेला. आमचे ६७० रुपये २८० वर उतरले. पहिल्या महिन्यात काही पाकिटांवर जुनीच छापील किंमत होती, पण बिल नव्या दरानंच व्हायला हवं होतं. मी दुकानात उभी राहून एकेक ओळ तपासली. मागं उभ्या असलेल्या माणसानं दोनदा घसा खाकरला, पण मी हलले नाही.

मग आता तक्रार कसली, असं तुम्ही म्हणाल. हे हेच म्हणाले!

आमच्या मागच्या खोलीत एक भाडेकरू जोडपं आहे. परभणीकडचं. आळंदीत अशी कितीतरी कुटुंबं आहेत. चाकणच्या आणि मरकळच्या कारखान्यांत कामाला, आणि भाडं पिंपरी-चिंचवडपेक्षा परवडतं म्हणून देवाच्या गावात राहायला. तो ठेकेदाराकडं कामाला, हातात सतरा हजारांच्या आसपास येतात. त्याची आई गावाहून इथं आणलेली, तिला साखर आणि रक्तदाब, त्यातच एक पाय काढलेला. समजा, आमच्याएवढाच खर्च त्यांनी करायचा म्हटला असता, तर २०२४ मध्ये त्यांच्या सतरा हजारांतले ६७० रुपये नुसत्या करात गेले असते, म्हणजे जवळजवळ चार टक्के. पुण्यात महिन्याला एक लाख सत्तर हजार मिळवणाऱ्या घरात तेच दुखणं असेल, तर त्यांचेही ६७० च. त्यांच्या मिळकतीच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. दर सर्वांना सारखा, आणि ओझं दसपट!

प्रत्यक्षात त्या पोरीनं एवढा खर्च केलाच नाही. ती पट्टी आठवड्यातून एकदा वापरायची. डायपरऐवजी जुन्या लुगड्याचे तुकडे. मी रागावले, तर म्हणाली, "काकू, पट्टीत वीस रुपये जातात. तेवढ्यात पोराचं दूध येतं." कर वाचवायचा हा तिला उपलब्ध असलेला एकच मार्ग, दुखणं न मोजण्याचा.

मोठ्या माणसांच्या करांचं कसं असतं पाहा. २०२५ च्या अर्थसंकल्पात ठरलं, की नव्या पद्धतीत वर्षाला बारा लाखांपर्यंत मिळकत असलेल्या पगारदाराला प्राप्तिकर भरावा लागू नये. चांगलंच आहे, आमच्या पुतण्याचाही फायदा झाला. पण तिथं निदान 'तुमची मिळकत किती?' असा प्रश्न तरी विचारतात. मेडिकलच्या गल्ल्यावर असं कुणी विचारत नाही. तिथं फक्त 'काय घेतलं?' एवढंच विचारतात. साडी घेताना, टीव्ही घेताना ते ठीक आहे. परवडत नसेल तर मी घेणार नाही. रक्त पातळ करायची गोळी मी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून मागं ठेवू शकत नाही.

मिठावरचा कर अन्यायाचा का वाटला होता, याचं कारण तरी दुसरं काय होतं? १९३० साली दांडीच्या पाठोपाठ कोकणात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. राजा असो की रंक, मीठ पोटाला तेवढंच लागतं. गरिबाला तर जास्तच, कारण तो घाम गाळतो. मीठ सोडून देता येत नाही, म्हणूनच त्यावर कर बसवणं सरकारला सोपं आणि माणसाला जाच. आज मिठावर जीएसटी नाही, पिशवीबंद मिठावरसुद्धा नाही. मला तर वाटतं, दुखणं मिठाच्याच जातीचं आहे.

धान्याचाही एक मासला सांगून टाकते, कारण आपल्या पिढीतल्या बायकांना तो पटकन कळेल. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पिशवीबंद, लेबल लावलेल्या तांदूळ, गहू, डाळ, पिठावर ५ टक्के कर लागला. सुटं घेतलं तर नाही, आणि पोतं २५ किलोहून मोठं असेल तरीही नाही. मी उन्हाळ्यात वर्षाचे गहू पोत्यानं भरते, एरंडेल लावून कोठीत ठेवते. मला कर नाही. कोठी ठेवायला माझ्याकडे जागा आहे आणि पोत्याचे पैसे एकदम द्यायची ऐपत आहे, त्याचं हे बक्षीस! मागच्या खोलीतली पोरगी पाच किलोचा पिशवीबंद आटा आणते, कारण तिच्या खोलीत कोठी ठेवली तर झोपायचं कुठं? तिला कर. हा नियम करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेल. पण त्यानं दहा बाय दहाची खोली आतून पाहिलेली नसावी.

आमच्या आळंदीच्या बाजारात तर या कराची मोठी गंमत दिसते. देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर तुळशीच्या माळा लटकलेल्या असतात. तुळशीच्या माळेवर कर नाही. देवळाच्या प्रसादावर नाही. कुंकू, टिकली, काचेच्या बांगड्या यांवरही नाही. वारीला आलेली एखादी माउली माळ घेते, बांगड्या भरते, तिला सरकार हात लावत नाही. छान! पण १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा याच बाजारातल्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर होता. बाईच्या सौभाग्याला माफी आणि बाईच्या शरीराला कर! नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयानं सरकारला हेच विचारलं, की कुंकू, टिकली, काजळ सोडता तर हे का नाही? कर ठरवणाऱ्या ३१ जणांच्या परिषदेत एकही बाई नाही, याबद्दलही न्यायालयानं नाराजी दाखवली. जुलै २०१८ मध्ये तो कर गेला.

पण गेला म्हणजे पूर्ण गेला का? इथं भावजींनी मला एक गोष्ट समजावली, ती मी माझ्या भाषेत सांगते. पॅड करणारा कारखाना कापूस, प्लास्टिक, यंत्रं विकत घेतो, त्या प्रत्येकावर कर भरतो. पॅडवर कर होता तोवर तो आधी भरलेला कर वजा करून घ्यायचा. पॅडला 'माफी' मिळाली आणि ही वजावट बंद झाली. मग आधीचा कर तो किमतीत मिसळणार, दुसरं काय करील? म्हणून १२ टक्के गेले तरी किंमत १२ टक्क्यांनी उतरत नाही. 'माफी' वेगळी आणि 'शून्य दर' वेगळा. शून्य दरात आधी भरलेला करही परत मिळतो. आपल्या देशात हा खराखुरा शून्य मुख्यतः निर्यातीच्या मालाला मिळतो. परदेशातल्या गिऱ्हाइकाला आपला कर सोसायला लागू नये, ही काळजी आपण घेतो, याचं मला कौतुक वाटावं की वाईट, ते ठरत नाही.

माझी भाची इंग्लंडात असते. तिच्याकडून कळलं ते ऐकून मी थक्क झाले. तिथं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दुकानातून मिळणाऱ्या औषधांवर शून्य दर. आणि मूत्रावर ताबा नसलेल्या, घरी राहणाऱ्या रुग्णानं स्वतःसाठी डायपर घेतले तर त्यावरही शून्य दर. इस्पितळात भरती असलेल्यांना पुरवलेल्या मालाला मात्र ही सवलत नाही. आपल्या अगदी उलटं! घरी राहणाऱ्या रुग्णाचा त्यांच्या कायद्यात उल्लेख आहे, एवढंच माझं म्हणणं आहे. बाकी तिथल्या थंडीचं आणि भाड्याचं ती जे सांगते, ते ऐकून तिथं जायची इच्छा होत नाही.

भावजी मात्र माझ्या बाजूचे आहेत असं समजू नका. त्यांनी माझ्याशी चांगले दोन तास वाद घातला, चहा दोनदा झाला. त्यांचं म्हणणं असं, की माफीचा फायदा श्रीमंताला रुपयांत जास्त मिळतो. पनीरवरचा कर काढला, तर जो आठवड्याला दोन किलो पनीर खातो त्याचे पैसे वाचले. तुमच्या भाडेकरणीच्या ताटात पनीर असतं कुठं? आणि हा अर्धा कर राज्याकडं जातो, त्यातूनच सरकारी दवाखाने चालायचे. त्यापेक्षा सगळ्यांकडून कर घ्यावा आणि गरिबाला रोख परत द्यावा. कॅनडात कमी मिळकतीच्या कुटुंबांना दर तीन महिन्यांनी असे पैसे मिळतात.

पनीरचं मला पटलं. पण दुखणं पनीरसारखं नाही. कर कमी झाला म्हणून कुणी हौसेनं दोन डायपर जास्त घालत नाही, की जेवणानंतर आणखी एक रक्तदाबाची गोळी घेत नाही. श्रीमंताचं दुखणं फार तर पाच हजारांच्या खोलीत जाऊन झोपतं. त्या खोलीवर कर आहे, त्याबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. राहिली रोख परतीची गोष्ट. २०२४ च्या जुलैपासून आपल्याकडं लाडक्या बहिणीला महिन्याला १,५०० रुपये ठरले. भाडेकरणीला ते मिळाले, आणि तिनं त्यातून सासूच्या पट्ट्या आणल्या. पण ती योजना ६५ वर्षांपर्यंतच्या बायकांसाठी. जिचा पाय गेलाय, त्या सासूचं वय त्याच्या पुढं! आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, मिळकत न विचारता, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांची आयुष्मान योजना लागू झाली. फार मोठी गोष्ट, मी तिची टिंगल करणार नाही. पण ती भरती होणाऱ्यांसाठी. इस्पितळातून सुटल्यावर पंधरा दिवसांपर्यंतचा खर्च त्यात बसतो. सोळाव्या दिवशी पुन्हा आपण आणि आपली वही. आमच्या सासूबाईंना घरी येऊन दोन वर्षं होऊन गेली!

यावर भावजी थोडे थांबले. मग म्हणाले, "ते खरं आहे. घरचा रुग्ण कोणत्याच कलमात बसत नाही."

जुन्या बायकांना १९७२ च्या सुमाराची मुंबई आठवत असेल. महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांनी बायकांना रस्त्यावर आणलं, हातात लाटणी आणि थाळ्या. तेल, साखर, रॉकेलसाठीच्या रांगेत उभं राहून पाय मोडत होते, त्यामुळं कशासाठी भांडायचं हे कुणाला समजावावं लागलं नाही. कराचं तसं नाही. पूर्वी जकात होती तेव्हा नाक्यावर ट्रकची रांग दिसायची, पावती फाडणारा माणूस दिसायचा, शिव्या द्यायला तोंड समोर असायचं. पिंपरी-चिंचवड महापालिका त्या जकातीवरच गबर झाली असं सगळे म्हणायचे. २०१३ साली तिथली जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला, पुढं तोही गेला. आताचा कर 'सर्व करांसहित' या बारीक अक्षरांत दडून बसलाय. गोळ्यांच्या पाकिटावर तो वाचायला माझा चष्मा पुरत नाही. चष्म्यावर कर होता तो निराळाच!

दडलेल्या कराशी भांडता येतं, हे नागपूरच्या माणसांनी मात्र दाखवून दिलं. आरोग्य विम्याच्या आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के कर होता. नागपूरच्या आयुर्विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं नितीन गडकरींना निवेदन दिलं. गडकरींनी जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहिलं, की हा तर आयुष्यातल्या अनिश्चिततेवरच कर लावण्यासारखा प्रकार झाला. ते पत्र बाहेर आलं, गाजलं, आणि सप्टेंबर २०२५ च्या बदलांत वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावरचा कर गेला. ज्यांना विमा परवडतो त्यांचं काम झालं. आमच्या सासूबाईंना या वयात, या दुखण्यात, नव्यानं विमा द्यायला कोण बसलंय!

नागपूरकरांकडे संघटना होती. घरी रुग्ण सांभाळणाऱ्या बायकांची कसली संघटना? आमची भिशी आहे अकरा जणींची. मागच्या महिन्यात सहज विचारलं, तर चौघींच्या घरी कुणीतरी अंथरुणावर आहे. एकीचे वडील, दोघींच्या सासवा, एकीचा तरणाताठा दीर, मोटारसायकलवरून पडलेला. आम्ही ठरवलंय, की तीन महिन्यांची पक्की बिलं गोळा करायची आणि कराच्या ओळीखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारायची. तुम्हीही मेडिकलमधून पक्कं बिल मागून घेत चला; कच्च्या चिठ्ठीवर कराची ओळ नसते, आणि पक्कं बिल मागितलं म्हणून किंमत वाढत नाही. बिलं जोडून खासदारांना निवेदन द्यायचं. मागणी एकच : डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'घरी शुश्रूषा' असं लिहून दिलं असेल, त्या रुग्णाची औषधं, डायपर, पट्ट्या, बँडेज यांना निर्यातीसारखा शून्य दर द्या. माफी नको, शून्य द्या.

मसुदा भावजी लिहून देणार आहेत, कारण सरकारी मराठी त्यांनाच येतं. फक्त त्यांची एक अट आहे. शून्य दर जमत नसेल, तर तेवढी रक्कम रुग्णाच्या खात्यात रोख परत द्यावी, हे त्यांचं लाडकं कलमही निवेदनात घालायचं. भिशीत त्यावर अजून एकमत झालेलं नाही. भाडेकरणीचं मत विचारलं, तर ती म्हणाली, "काकू, रोख आले तर ह्यांच्या हाती पडतील. पट्टीच स्वस्त करायला सांगा."